वाचनाचा उत्सव आणि बंद वाचनकक्ष

दरवर्षी 14 ते 20 नोव्हेंबर या काळात देशभर ग्रंथालय सप्ताह साजरा होतो. काही वर्षांपूर्वी या सप्ताहातील एका दिवशी मध्य भारतातील एका तालुक्याच्या गावी, तेथील सार्वजनिक ग्रंथालयात, मी प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो. कार्यक्रम नेटका झाला. दीपप्रज्वलन झाले, शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटले, निबंधस्पर्धेची बक्षिसे वाटली गेली, दोन ज्येष्ठ नागरिकांना शाल-श्रीफळ देण्यात आले. मीही वाचनाने माणूस कसा घडतो यावर वीस मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या. छायाचित्रे निघाली.

बाहेर पडताना पायऱ्यांवर पाच-सहा माणसे बसलेली दिसली. त्यांत तीन-चार वृद्ध, दोन तरुण. आत जागा न मिळाल्यामुळे ती बाहेर थांबली असावीत अशी माझी समजूत झाली आणि मी तसे विचारलेही. त्यांपैकी एक गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्ही कार्यक्रमाला आलेलो नाही. आम्ही रोज वर्तमानपत्र वाचायला येतो. आज टेबले उचलून तुमच्यासाठी खुर्च्या मांडल्या आहेत. त्या निघाल्या की बसू." मग थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "तसे वर्तमानपत्रही हल्ली एकच येते. बाकीची दिवाळीच्या आधीपासून बंद आहेत."

म्हणजे वाचनाचा उत्सव असल्यामुळे त्या दिवशी वाचनकक्ष बंद होता, आणि तो बंद करण्याचे निमित्त मी होतो.

मी परत आत गेलो आणि ग्रंथपालांना विचारले. त्यांनी संकोचत सांगितले की वर्तमानपत्र विक्रेत्याचे बिल मागील मार्चपासून मंजूर झालेले नाही. त्याने सहा महिने वाट पाहिली आणि मग एक सोडून सगळी बंद केली. ते एकही ग्रंथपाल स्वतःच्या खिशातून आणत होते. सप्ताहासाठी मात्र वेगळी रक्कम वेगळ्या लेखाशीर्षाखाली आली होती आणि ती त्याच आठवड्यात खर्च होणे आवश्यक होते. हिशेब साधा आहे. पाच रुपयांचे एक वर्तमानपत्र वर्षभर घ्यायचे तर अठराशे रुपयांच्या आसपास लागतात. पाच घेतली तर नऊ हजार. त्या दिवशीचा मंडप, फलक, हारतुरे, चहा-नाश्ता आणि छायाचित्रकार मिळून याहून अधिक खर्च झाला होता हे मला पुढे फाइलवर दिसले. त्या फाइलवर उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेवर जोडलेले होते.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, की आपले शासन वाचनाच्या समारंभावर पैसे खर्च करते, वाचनावर करत नाही. आणि हे अज्ञानाने होत नाही, सोयीने होते. समारंभ एका दिवसात संपतो. त्याला उद्घाटक असतो, त्याचे छायाचित्र निघते, त्याची बातमी येते, त्याचा अहवाल वर जातो. वर्तमानपत्र रोज सकाळी येते आणि संध्याकाळी शिळे होते. त्याचे कोणी उद्घाटन करीत नाही. वर्षअखेरीस त्यातून दाखवण्यासारखे काही उरत नाही, उरते ती रद्दी. लेखापरीक्षणात त्या रद्दीचाच प्रश्न निघतो. रद्दी किती किलो निघाली, कोणत्या दराने विकली, रक्कम कोणत्या तारखेला जमा केली, याची विचारणा झालेली मी अनेकदा पाहिली आहे. ती रद्दी होण्यापूर्वी किती जणांनी वाचली, हा प्रश्न एकाही शेऱ्यात पाहिला नाही.

आता हे लहान शहरांतच अधिक का घडते याचे एक कारण थेट राज्यघटनेत सापडते. ग्रंथालये हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्या 29 विषयांत विसावा विषय स्पष्ट शब्दांत 'ग्रंथालये' असा आहे. त्याच वर्षीच्या 74 व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्या 18 विषयांत मात्र ग्रंथालय हा शब्दच नाही. उद्याने आहेत, क्रीडांगणे आहेत, स्मशाने आहेत, कोंडवाडे आहेत, आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना असे एक मोघम वाक्य आहे. म्हणजे खेड्याच्या वाचनालयाला घटनेत निदान एक मालक सापडतो. महानगराचे ग्रंथालय स्वतःच्या बळावर उभे राहते. मध्ये जे वीस-पंचवीस हजार वस्तीचे गाव असते, जिथे तहसील आहे, कोर्ट आहे, बसस्थानक आहे, आजूबाजूची पन्नास खेडी बाजाराला येतात, तिथले वाचनालय कोणाचे? नगरपालिका म्हणते शिक्षण खात्याचे, शिक्षण खाते म्हणते संस्कृती खात्याचे, आणि ते खाते म्हणते की इमारत नगरपालिकेची आहे तर वीजबिल तिनेच भरावे. हा पत्रव्यवहार मी स्वतः वाचला आहे, आणि त्यातील दोन पत्रांवर सहीही केली आहे.

2011 च्या जनगणनेत प्रथमच ग्रंथालयांची गणना झाली. ग्रामीण भागात सुमारे सत्तर हजार आणि शहरी भागात साडेचार हजारांच्या आसपास असा तो आकडा होता. त्या जनगणनेत देशात जवळजवळ आठ हजार शहरे मोजली गेली होती. महानगरांतील अनेक ग्रंथालये यातून वजा केली की लहान शहरांच्या वाट्याला काय येते याचा अंदाज वाचकांनीच करावा.

कोणी म्हणेल की एवढे काय बिघडले? चार वृद्धांना वर्तमानपत्र मिळाले नाही तर राज्य बुडत नाही. मला हे मान्य नाही, आणि ते मान्य नसण्याचे कारण प्रशासकीय आहे. आपले बरेच कायदे नागरिकाने वर्तमानपत्र वाचले आहे असे गृहीत धरून चालतात. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 11 खाली प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते आणि त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. कलम 15 प्रमाणे आक्षेप घेण्यास 60 दिवस असतात. अधिसूचना इतर मार्गांनीही जाहीर होते हे खरे, पण कार्यालयाच्या फलकावर खाली दहा कागद आणि वर अकरावा अशा अवस्थेत डकवलेली नोटीस कोण वाचतो? बाजाराच्या दिवशी गावात आलेला शेतकरी वाचनालयाच्या टेबलावरचे दैनिक चाळतो, किंवा शेजारी कोणी मोठ्याने वाचत असेल तर ऐकतो. मुदत टळून गेल्यावर अर्ज घेऊन आलेली माणसे मी टेबलासमोर उभी पाहिली आहेत. "साहेब, कळलेच नाही," यापलीकडे त्यांच्यापाशी बोलण्यासारखे काही नसते, आणि आमच्यापाशी मुदतवाढीचा अधिकार नसतो.

पर्यावरण मंजुरीसाठी 2006 साली जी अधिसूचना निघाली तिने तर एक पाऊल पुढे टाकले. प्रस्तावित प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालाचा सारांश निवडक कार्यालयांत, सार्वजनिक ग्रंथालयांत किंवा पंचायतींत लोकांना पाहण्यासाठी ठेवावा असे तिच्या परिशिष्टात म्हटले आहे. सार्वजनिक ग्रंथालय हा शब्द तिथे नेमकेपणाने आला आहे. माझ्या सेवाकाळात, मी ज्या ज्या वाचनालयांत गेलो त्यांपैकी एकातही असा सारांश टेबलावर ठेवलेला मला आढळला नाही. कोणी तो दडवला असे मी म्हणत नाही. 'किंवा' या शब्दाने काम भागले. कार्यालयात ठेवला की नियम पूर्ण होतो, मग वाचनालयापर्यंत जाण्याचे कष्ट कोण घेणार?

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 4 आहे. कोणी मागण्यापूर्वीच शासनाने स्वतःहून कोणती माहिती जाहीर करावी त्याच्या सतरा बाबी त्यात दिल्या आहेत. पंधरावी बाब अशी की माहिती मिळवण्यासाठी नागरिकांना उपलब्ध असलेल्या सोयी सांगाव्यात, आणि लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष ठेवला असेल तर त्याच्या वेळाही सांगाव्यात. संसदेला वाचनकक्षाच्या वेळेचे महत्त्व वाटले. आम्ही या पंधराव्या बाबीपुढे बहुतेक ठिकाणी 'निरंक' असे लिहून मोकळे होतो.

वेळेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. लहान शहरातील शासकीय ग्रंथालय सकाळी दहाला उघडते आणि संध्याकाळी पाचला बंद होते. रविवारी बंद, सणाला बंद, दुसऱ्या शनिवारीही पुष्कळ ठिकाणी बंद. दहा ते पाच या वेळेत शिक्षक शाळेत असतो, दुकानदार दुकानात, कारकून कचेरीत, मजूर कामावर, विद्यार्थी वर्गात आणि गृहिणी घरकामात. ज्या काळात संपूर्ण गाव कामात असते नेमक्या त्याच काळात गावाचे वाचनालय उघडे ठेवण्याची ही व्यवस्था केवळ कर्मचाऱ्यांच्या हजेरीपत्रकाला सोयीची आहे. बसस्थानकाच्या कँटीनवाल्याला जे कळते ते आम्हाला कळत नाही अशातला भाग नाही. कँटीनवाल्याला गिऱ्हाइकाकडून पैसे मिळतात, आम्हाला ते कोषागारातून मिळतात, एवढाच फरक आहे.

या पोकळीत काय शिरले ते पाहण्यासारखे आहे. उत्तर भारतातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी आज 'लायब्ररी' कुठे आहे असे विचारा. लोक तुम्हाला एखाद्या दुकानावरच्या मजल्यावर नेतील. तिथे लाकडी फळ्यांनी पाडलेले कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा, मोबाइल लावायला एक जागा. खुर्ची महिन्याच्या भाड्याने मिळते, सकाळच्या पाळीचे भाडे वेगळे, पूर्ण दिवसाचे वेगळे. पुस्तक बहुधा एकही नसते. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि भाड्याच्या शांततेत वाचतात. या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना जागा हवी होती, उजेड हवा होता, रात्री अकरापर्यंत उघडे दार हवे होते, आणि हे सर्व त्यांना बाजाराने दिले. पण ज्याच्याजवळ महिन्याचे भाडे नाही त्या मुलाने कुठे जावे? आणि ज्या गावात 'लायब्ररी' या शब्दाचा अर्थच भाड्याची खुर्ची असा झाला, तिथे पुढची पिढी शासनाकडे वाचनालय मागणार तरी कोणत्या शब्दात?

हे सर्व आपल्या देशाला नवे आहे अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर ती मुळीच करून घेऊ नये. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संपूर्ण संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी याच खात्याची माणसे चित्रे दाखवण्याची यंत्रे घेऊन गावोगाव फिरत. आज आपण ज्याला 'उपक्रम' म्हणतो तो हाच, पण त्यात प्रमुख पाहुणा नसे. गावच्या वाचनालयाच्या पैशाची व्यवस्था मला विशेष शहाणपणाची वाटते. गावाने एक वाटा जमवायचा, तितकाच पंचायतीने द्यायचा आणि तितकाच राज्याने. ज्याने स्वतःचा वाटा घातला आहे तो वाचनालय बंद का, असे विचारायला कचरत नाही. रंगनाथनांच्या प्रेरणेने तमिळ प्रदेशात मन्नारगुडी येथे 1931 साली बैलगाडीतून पुस्तके गावोगाव गेली, तीही याच वृत्तीने.

स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्याने 1948 साली ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेण्याची सोय केली. पुढे आंध्र, कर्नाटक, केरळ यांनीही उपकराचा मार्ग धरला. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात उपकर नाही, तिथे संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. दोन्ही पद्धतींचे गुणदोष आहेत, त्यांत आज शिरत नाही. फक्त एक लक्षात आणून देतो. उपकर वसूल करते स्थानिक संस्था, आणि तो ग्रंथालयाकडे वळता करायचा असतो. वळता न झालेल्या उपकराची थकबाकी हा काही राज्यांत वर्षानुवर्षांचा विषय होऊन बसला आहे. नागरिकाने घरपट्टीत वाचनालयाचे पैसे भरलेले असतात, आणि त्याच वाचनालयात त्याला सांगितले जाते की वर्तमानपत्रासाठी निधी नाही. याला गैरव्यवहार म्हणावे की निव्वळ विसरभोळेपणा, हे ज्याने त्याने ठरवावे. मी तरी याला विसरभोळेपणा म्हणायला तयार नाही.

मनात आणले तर काय होते याची अलीकडची उदाहरणेही आहेत. झारखंडातील जामताडा जिल्हा देशभर सायबर गुन्ह्यांसाठी बदनाम झाला होता. तिथल्या जिल्हा प्रशासनाने 2020 नंतर पडीक सरकारी इमारती दुरुस्त करून ग्रामपंचायतींत सामुदायिक वाचनालये उघडली. कर्नाटकाने 2019 साली ग्रामपंचायतींची साडेपाच हजारांहून अधिक ग्रंथालये पंचायतराज खात्याकडे सोपवली आणि 2020 पासून मुलांसाठी 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा प्रकाश, हा कार्यक्रम सुरू केला. दोन्ही ठिकाणी नवा कायदा करावा लागला नाही. जबाबदार कोण हे ठरले आणि काम झाले. पण ही दोन्ही उदाहरणे पंचायतींची आहेत हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. तालुक्याचे गाव याही वेळी मध्येच राहिले.

मोबाइलवर सर्व बातम्या फुकट मिळत असताना कागदी वर्तमानपत्राचा आग्रह कशाला, हा आक्षेप मला तरुण अधिकारी नेहमी घेतात. मोबाइलवर बातमी मिळते हे खरे. पण मोबाइल प्रत्येकाला त्याच्या आवडीची बातमी देतो, आणि गावातल्या पाणीपुरवठ्याची निविदा सहसा कोणाच्या आवडीची नसते. टेबलावर पसरलेल्या दैनिकात ती चौथ्या पानावर असते, आणि क्रिकेटचे पान उलटताना ती डोळ्यांखालून जाते. दुसरे असे की टेबलाभोवती माणसे असतात. त्या निवृत्त शिक्षकांच्या शेजारी बसणारे एक हमाल गृहस्थ निरक्षर होते. रोज त्यांना ठळक बातम्या वाचून दाखवल्या जात आणि मग त्या बातमीवर ते स्वतःचे मत देत, ते बहुधा गुरुजींच्या मतापेक्षा अधिक व्यवहारी असे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची बातमी आली तेव्हा या टेबलावर जी चर्चा झाली तेवढी सभागृहात झाली नसावी. ग्रंथालयातील सामुदायिक कार्यक्रम म्हणून मी याकडे पाहतो. त्याला फलक लागत नाही. नगरपालिकेचे अंदाजपत्रक, मतदार यादी, रेशन दुकानाची यादी, निविदा आणि हरकतींच्या नोटिसा या टेबलावर आणून ठेवल्या आणि महिन्यातून एका संध्याकाळी संबंधित अधिकारी तिथे येऊन प्रश्नांना उत्तरे देऊ लागला, तर माझ्या हिशेबी ग्रंथालय सप्ताह वर्षाचे बावन्न आठवडे साजरा होईल. बहुतेक अधिकाऱ्यांना नेमके हेच नको असते. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात पाहुण्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या लोकांबद्दलही थोडे बोलायला हवे. नोकरीनिमित्त मी जिथे जिथे गेलो तिथे महाराष्ट्र मंडळ होते. मंडळात पुस्तकांचे एक कपाट असते, त्याची किल्ली कोणा काकांकडे असते, आणि काका रविवारी सकाळी येतात. गणेशोत्सवात व्याख्यान होते, दिवाळी अंक फिरवले जातात. हे चांगलेच आहे. पण त्याच गावच्या सार्वजनिक वाचनालयात आपल्यापैकी किती जण सभासद असतात? तिथली पुस्तके आपल्या भाषेतली नाहीत, हे कारण पुरेसे नाही. नळाचे पाणीही आपल्या भाषेत येत नाही, तरी ते आले नाही की आपण नगरपालिकेत जातो. तंजावरला मराठी राजांनी जपलेले सरस्वती महाल ग्रंथालय 1918 पासून लोकांसाठी खुले आहे. तमिळ गावात राहून त्या राजांनी मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू अशी पोथ्यांची सरमिसळ केली, स्वतःपुरते कुलूपबंद कपाट ठेवले नाही. आपण ज्या गावात कर भरतो त्या गावच्या वाचनालयाच्या वेळेबद्दल आणि बिलाबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.

असो. त्या तालुक्याच्या गावची हकिकत पुरी करतो. मी दोन आदेश काढले. एक, वर्तमानपत्रांचे बिल वीजबिलाप्रमाणे दरमहा चुकते करावे, त्यासाठी वेगळी मंजुरी लागणार नाही. दुसरा, ग्रंथालय दुपारी एक ते रात्री आठ उघडे राहील आणि साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी सोमवारी असेल. ग्रंथपालांनी कुरकुर केली नाही, शिपायाने केली, आणि त्याचे घर दूर असल्यामुळे ती रास्तही होती. त्याला मी सायकल अग्रिम मंजूर करून दिला. पाच वर्तमानपत्रे येऊ लागली. संध्याकाळी सहानंतर खुर्च्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा सप्ताहाच्या कार्यक्रमासाठी घेतलेल्या खुर्च्या कामी आल्या.

माझी बदली झाल्यावर चौथ्या महिन्यात गुरुजींचे पत्र आले. सोबत नव्या आदेशाची प्रत होती. ग्रंथालयाची वेळ पूर्ववत दहा ते पाच करण्यात आली होती. आदेशात कारण दिले होते, 'प्रशासकीय सोय'. बिल मात्र अजून वेळेवर निघते असे गुरुजींनी लिहिले होते, कारण तो आदेश बदलायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यामुळे पाचही वर्तमानपत्रे रोज येत होती, आणि वाचणारी माणसे कामावरून सुटत तोवर दाराला कुलूप लागलेले असे.